पोटातला कोरोना आणि वाढलेला एसजीपीटी

शेजारच्या काकूंनी एक जाडजूड प्लास्टिकची फाईल माझ्या टेबलावर आणून ठेवली. काकांची, २०२१च्या एप्रिलमधली. तेव्हा ते दहा दिवस दवाखान्यात होते. आतल्या एका कागदावर पिवळ्या मार्करनं खूण होती : एसजीपीटी, म्हणजे यकृताच्या तपासणीतला एक आकडा, १३८. त्याच्यावर यंदाच्या तपासणीचा कागद : एसजीपीटी ६४. "बघ रे, लिव्हर खाल्लं त्या कोरोनानं. अजून भरून आलेलं नाही," काकू म्हणाल्या. काकांची तक्रार निराळीच होती. त्या आजारपणापासून पोट ताळ्यावर नाही. कधी घट्ट, कधी पातळ, आणि लग्नाचं जेवण झालं की दुसरा दिवस घरातच.

काकूंचं निदान मला पटलं नाही, काकांचं मात्र बरंचसं पटलं. २०२५च्या मे-जूनमध्ये रुग्ण वाढल्याच्या बातम्या आल्या तेव्हाही हेच दोन प्रश्न लोक विचारत होते : खोकल्याच्या आजारात पोट का बिघडतं, आणि लिव्हरचे आकडे का वाढतात? दोन्ही प्रश्न पोटाचे म्हणून आपण ते एकाच पारड्यात टाकतो. पण आतड्यात विषाणू स्वतः शिरतो. यकृताला बहुतेक वेळा नुसती झळ लागते, आणि त्या झळीत आपण घेतलेल्या औषधांचा वाटा असू शकतो.

दाराची कडी कुठे आहे?

विषाणूला पेशीत शिरायचं तर बाहेरून धरायला काहीतरी लागतं. आपल्या पेशींच्या पृष्ठभागावर एसीई-२ नावाचं एक प्रथिन असतं. तिथे ते कोरोनासाठी बसवलेलं नाही. रक्तदाब आटोक्यात ठेवण्याच्या यंत्रणेतला तो एक भाग आहे. दाराला कडी आपण आपल्या सोयीसाठी लावतो, पण चोरही तीच धरतो. विषाणूच्या अंगावरचे काटे या कडीला धरतात, शेजारची दुसरी प्रथिनं त्या काट्याला योग्य जागी काप देतात, आणि दार उघडतं.

या कड्या शरीरात सगळीकडे सारख्या नाहीत. फुप्फुसात त्या आहेतच, पण सगळ्यात दाटीवाटीनं आहेत लहान आतड्याच्या आतल्या अस्तरावर. तिथे एसीई-२चं आणखी एक काम असतं : अन्नातल्या प्रथिनांचे सुटे घटक, म्हणजे अमिनो आम्लं, आत ओढून घेणाऱ्या यंत्रणेला आधार देणं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

यकृतातलं चित्र वेगळं. यकृताच्या मुख्य पेशींवर या कड्या तुरळक असतात. पित्त वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांच्या अस्तरावर मात्र त्या बऱ्यापैकी दिसतात.

२०२०मध्येच नेदरलँड्समधल्या शास्त्रज्ञांनी मानवी आतड्याच्या पेशींपासून प्रयोगशाळेत छोटे गोळे वाढवले आणि त्यांच्यात हा विषाणू सोडला. तो तिथे शिरला आणि वाढला. त्याच वर्षी जानेवारीत अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात सापडलेल्या त्या देशाच्या पहिल्या रुग्णाला दवाखान्यात जुलाब झाले होते, आणि त्याच्या शौचाच्या नमुन्यातही विषाणूचे अंश मिळाले होते. म्हणजे पोटाची बाजू पहिल्या महिन्यापासून समोर होती. आपलं लक्ष ऑक्सिमीटरवर होतं.

पण जठरातल्या आम्लात तो मरत नाही का?

रास्त शंका आहे. जठरातलं आम्ल भल्याभल्या जंतूंना संपवतं. पण आजारी माणूस दिवसभर जो कफ गिळतो, त्या चिकट थरात गुंडाळलेला काही विषाणू आम्लातूनही निभावून जातो. उरलेला हिशेब पुढे चुकता होतो. लहान आतड्यात वाढलेले विषाणू मोठ्या आतड्याच्या दिशेनं जातात तेव्हा तिथल्या रसात त्यातले बहुतेक निकामी होतात, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे.

म्हणूनच शौचात विषाणू सापडला या वाक्यानं घाबरायचं कारण नाही. तपासणीत सापडतात ते त्याच्या आरएनएचे, म्हणजे जनुकीय द्रव्याचे, तुकडे. मांडवात उष्ट्या पत्रावळी दिसल्या तर इथे लग्न झालं एवढं कळतं, वऱ्हाड अजून बसलंय असं त्यातून सिद्ध होत नाही. या पत्रावळ्या मोठ्या उपयोगाच्या ठरल्या. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी सांडपाण्यातले हेच तुकडे तपासून शहरातल्या साथीचा माग काढला. एकेका माणसाच्या नाकात काडी न घालता.

शौचातून संसर्ग पसरण्याची धास्ती मुळात आली ती २००३च्या सार्समुळे, म्हणजे कोरोनाच्याच जातकुळीतल्या आधीच्या साथीमुळे. हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या वसाहतीत तेव्हा तीनशेहून अधिक लोकांना लागण झाली. जुलाब होणाऱ्या एका रुग्णापासून इमारतीच्या सांडपाण्याच्या नळांतून विषाणू वर-खाली गेला, असा निष्कर्ष निघाला. न्हाणीघरांतल्या जाळीखालच्या वाकड्या नळीत, म्हणजे आपल्या प्लंबरच्या भाषेतल्या नाणी ट्रॅपमध्ये, पाणी सुकलेलं होतं. त्यामुळे नळातली हवा सरळ घरात येत होती. कोविड मात्र मुख्यतः श्वासातूनच पसरला. तरीही बंद ठेवलेल्या बाथरूमच्या जाळीत अधूनमधून तांब्याभर पाणी ओतणं वाईट नाही, निदान वास तरी येत नाही.

जुलाब का लागतात?

लहान आतड्याचं अस्तर टर्किश टॉवेलसारखं असतं, असंख्य बारीक तंतू उभे असलेलं. त्या तंतूंवर पेशींचा एकच थर असतो. एकच. त्याच थरातून अन्न आत जातं आणि त्याच थरानं जंतूंना बाहेर ठेवायचं. विषाणू या पेशींत शिरला की शोषण मंदावतं, पेशींमधले सांधे सैल होतात, तिथे सूज येते, आणि जे पाणी आत ओढलं जायला हवं ते आतड्यातच राहतं. साधारण दहा रुग्णांत एक-दोघांना जुलाब होतात. मळमळ-उलटीही साधारण तेवढ्याच जणांना. अन्नावरची वासना उडणं त्याहून सर्रास. काहींना खोकला नसतोच, नुसतं पोट बिघडतं, आणि ‘बाहेरचं खाल्लं होतं’ यावर भागतं.

दिलासा असा की हे अस्तर दर तीन ते पाच दिवसांनी नवं होतं. त्यामुळे बहुतेकांचं पोट आठवड्याभरात सुधारतं. ओआरएस, पातळ भात, ताक, एवढ्यावर निभावतं.

मग काकांचं पोट अजून का बिघडलेलं?

जुन्या माणसांना यात नवल वाटलं नसतं. मोठा जुलाबाचा आजार होऊन गेला की पोट कायमचं हळवं होतं, हे त्यांना ठाऊक होतं. आजचे डॉक्टर त्याला आयबीएस म्हणतात : आतड्यात जखम दिसत नाही, पण त्याची चाल आणि संवेदना बिनसलेली असते. दवाखान्यात दाखल झालेल्या कोविड रुग्णांचा वर्षभर पाठपुरावा केलेल्या एका बहुदेशीय अभ्यासात शंभरातल्या साधारण तिघांना आयबीएस झालेला आढळला. कोविड नसलेल्या रुग्णांत हे प्रमाण दोनशेत एक होतं. फरक ठळक आहे, पण शंभरातले सत्त्याण्णव सुटले हेही त्याच आकड्यात आहे.

यामागची एक गोष्ट आतड्यातल्या जिवाणूंची. आपल्या मोठ्या आतड्यात कोट्यवधी जिवाणूंची वस्ती असते आणि तिच्यातले बरेचसे आपल्या कामाचे असतात. हाँगकाँगच्या संशोधकांना कोविड रुग्णांत सूज आटोक्यात ठेवणाऱ्या काही जिवाणूंची संख्या घटलेली दिसली, आणि विषाणू गेल्यावरही ती लगेच भरून आली नाही. त्यात आपल्याकडे ॲझिथ्रोमायसिन आणि डॉक्सिसायक्लिन यांचा जो मारा झाला, त्याचा विषाणूला काही त्रास नव्हता. अँटिबायोटिक विषाणूवर चालतच नाही. मेले ते वस्तीतले भले जिवाणू.

दुसरी गोष्ट जास्त विलक्षण आहे. कोविड होऊन चार महिने झालेल्या, आता काही त्रास नसलेल्या १४ जणांच्या आतड्याचे तुकडे न्यूयॉर्कच्या संशोधकांनी तपासले, तर ७ जणांत विषाणूच्या खुणा शिल्लक होत्या. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या अभ्यासात तर साधारण १३ टक्के लोकांच्या शौचात चार महिन्यांनीही आरएनए सापडला. त्यांच्या घशातून विषाणू केव्हाच गेला होता. २०२३मध्ये पेन्सिल्वेनिया विद्यापीठातल्या गटानं याला एक पुढचा धागा जोडला. आतड्यात उरलेल्या अंशांमुळे शरीराची संरक्षण यंत्रणा हलकेच पेटलेली राहते. त्या पेटलेपणामुळे ट्रिप्टोफॅन नावाचं अमिनो आम्ल आतड्यात कमी शोषलं जातं. वर म्हटलेली अमिनो आम्लं ओढण्याची यंत्रणा ती हीच. ट्रिप्टोफॅनपासून सेरोटोनिन हे निरोप पोचवणारं रसायन बनतं, आणि शरीरातलं जवळपास ९० टक्के सेरोटोनिन मेंदूत नव्हे, आतड्यात असतं. ते घटलं की आतड्याची चाल बदलते, आणि पोटापासून मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूचे निरोपही मंदावतात. लाँग कोविडमध्ये, म्हणजे कोविड बरा झाल्यावरही रेंगाळणाऱ्या त्रासात, थकवा आणि विस्मरण का येतं, याचं एक उत्तर अशा रीतीनं पोटात निघालं. प्रत्येकाला हे लागू पडेल असं नाही, पण ‘हे सगळं मनाचे खेळ’ असं ऐकत आलेल्यांना निदान एक शारीरिक कारण मिळालं.

आतडं आणि यकृत यांच्यामधला जकात नाका

आता यकृताकडे येऊ. आतड्यातून निघालेलं रक्त सरळ हृदयाकडे जात नाही. ते एका जाड शिरेतून आधी यकृतात येतं. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी साधारण तीन चतुर्थांश रक्त या वाटेनं येतं. शहराच्या वेशीवर पूर्वी जकात नाके होते ना, तसं. बाजारातून येणारी प्रत्येक गाडी थांबवायची, माल बघायचा, नको ते अडकवायचं, मग आत सोडायचं. आतड्याचं अस्तर सैल झालं की जिवाणूंचे तुकडे आणि विषारी पदार्थ जास्त येऊ लागतात, नाक्यावर गर्दी होते, आणि तिथल्या पहारेकरी पेशी चिडतात. म्हणजे विषाणूनं यकृताला हात न लावताही यकृतात थोडी सूज येऊ शकते.

एसजीपीटी म्हणजे काय

एसजीपीटी हे यकृताच्या पेशींच्या आत काम करणारं एक विकर, म्हणजे एन्झाइम. पेशीला इजा झाली की ते रक्तात सांडतं. सर्वसाधारण मर्यादा लिटरला ४० युनिटच्या आसपास. हा आकडा गळती झाली एवढंच सांगतो. गळती कशामुळे झाली, टाकी किती उरली, हे तो सांगत नाही. यकृत काम करतंय का हे बघायला बिलिरुबिन, अल्ब्युमिन आणि रक्त गोठायला लागणारा वेळ बघावा लागतो. एसजीओटी हे त्याचं जोडीदार विकर तर स्नायूंतूनही येतं, आणि कोविडमध्ये अंगदुखी काय असते ते वेगळं सांगायला नको.

दवाखान्यात दाखल झालेल्या कोविड रुग्णांपैकी बऱ्याच जणांचे हे आकडे वाढले. बहुतेकांचे थोडेच, दुप्पट-तिप्पट, आणि आजार ओसरल्यावर खाली आले. काकांचे १३८ त्यातलेच.

सुक्याबरोबर ओलंही

यकृताला झळ लागायच्या वाटा अनेक. अंगभर पेटलेल्या सुजेत यकृतही होरपळतं. रक्तात बारीक गुठळ्या होतात. उजव्या हृदयावर ताण आला की रक्त यकृतात तुंबतं. आणि ऑक्सिजन कमी पडतो. यकृतात रक्त एका बाजूनं शिरतं आणि पेशींच्या ओळीवरून वाहत दुसऱ्या बाजूच्या शिरेत जातं. वाटेत प्रत्येक पेशी आपला वाटा उचलते. कालव्याच्या टेलच्या, म्हणजे शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याला विचारा, धरण भरलेलं असतानाही त्याच्यापर्यंत पाणी जेमतेम पोचतं. अंगातला ऑक्सिजनच ८५वर आला, तर टेलच्या पेशींचं काय होणार? आणि पॅरासिटामॉलपासून घातक अंश बनतो तोही बराचसा याच टेलच्या पेशींत.

म्हणजे पॅरासिटामॉल वाईट? नाही. निरोगी प्रौढ माणसाला दिवसाला ४ ग्रॅमपर्यंत ते चालतं, ६५०च्या चार गोळ्या म्हणजे २.६ ग्रॅम. घोटाळा होतो तो सर्दीच्या तयार गोळीतही तेच असतं हे माहीत नसल्यानं, किंवा उपाशीपोटी, किंवा रोज दारू घेणाऱ्यानं तेवढाच डोस घेतल्यानं. रेमडेसिवीरनंही यकृताची विकरं वाढतात. आपल्याकडच्या सरकारी सूचनांत विकरं मर्यादेच्या पाचपटीवर असतील तर ते देऊ नये असं लिहिलेलं होतं. २०२१च्या एप्रिलमध्ये लोक ज्या इंजेक्शनसाठी रात्र रात्र रांगेत उभे होते, त्याच्या कागदावर ही अट होती.

"पण काढा तर आयुर्वेदिक आहे"

काकूंच्या घरी २०२०पासून रोज सकाळी गुळवेलीचा काढा होतो. काका तो निमूटपणे पितात. इथे मला थोडं अवघड बोलावं लागलं.

२०२१मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. प्रतिकारशक्तीसाठी गुळवेल घेत असताना त्यांना कावीळ आणि यकृताची सूज झाली होती. पुढे देशातल्या १३ केंद्रांनी मिळून अशा ४३ रुग्णांची नोंद केली. आयुष मंत्रालयानं आक्षेप घेतला : गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी जात असू शकते, तेव्हा गुळवेलीला दोष देऊ नये. वनस्पती ओळखण्यात गफलत होते हे खरंच आहे. कुंपणावरून कुणी तोडून आणलेला वेल कोणता, हे मलाही सांगता येणार नाही. पण डॉक्टरांचं म्हणणंही धुडकावता येत नाही. यातल्या अनेकांच्या यकृतात स्वतःच्याच संरक्षण यंत्रणेनं हल्ला केल्याची लक्षणं होती. जी वस्तू प्रतिकारशक्ती चेतवण्यासाठी घ्यायची, ती ज्याच्यात असा आजार सुप्त आहे त्याच्यात नको तेही चेतवू शकते. लाखो लोकांनी काढा घेतला आणि त्यांना काही झालं नाही, हे त्याच्या विरुद्ध जात नाही. पेनिसिलिनचंही तसंच आहे.

खरा मोठा फटका कुणाला बसला

आधीच सिऱ्हॉसिस असलेल्यांना, म्हणजे यकृत आकसून खडबडीत झालेल्यांना. २९ देशांतल्या नोंदींवरून झालेल्या अभ्यासात सिऱ्हॉसिस असलेल्या कोविड रुग्णांपैकी ३२ टक्के दगावले. सिऱ्हॉसिस नसलेल्या यकृतरुग्णांत हे प्रमाण ८ टक्के होतं. सिऱ्हॉसिस सगळ्यात पुढच्या टप्प्यात असलेल्यांपैकी निम्मे वाचले नाहीत. हा लसीपूर्वीचा काळ, हे ध्यानात ठेवलं पाहिजे.

दुसरा गट लहान, पण वाईट. आठवडेच्या आठवडे व्हेंटिलेटरवर राहून वाचलेल्या काहींच्या पित्तनळ्या नंतर आकसत गेल्या, कावीळ उतरेना, आणि काहींना यकृताचं प्रत्यारोपण करावं लागलं. पित्तनळ्यांवर विषाणूच्या कड्या आहेत हे वर आलंच. शिवाय त्यांना रक्त मिळतं ते फक्त धमनीतून, आतड्याकडून येणाऱ्या मोठ्या शिरेचा आधार त्यांना नसतो.

तिसरी गोष्ट दिल्लीतली. २०२१मध्ये तिथल्या सर गंगाराम रुग्णालयानं कोविडमधून उठलेल्या १४ रुग्णांत यकृतात पूच्या अवाढव्य पोकळ्या आढळल्याचं सांगितलं. एरवी आपल्याकडे अमिबामुळे यकृतात गळू होतं, जंतू आतड्यातून त्याच जकात नाक्याच्या वाटेनं येतात. कोविडसाठी दिलेल्या स्टेरॉइडनं शरीराचा जंतूंवरचा पहारा ढिला पडला होता. स्टेरॉइडनं ऑक्सिजनवरच्या रुग्णांचे जीव वाचवले यात वाद नाही. वाद आहे तो साध्या तापात, घरी बसल्या, व्हॉट्सॲपवर फिरलेल्या चिठ्ठीवरून घेतलेल्या स्टेरॉइडचा.

लसीमुळे तर नाही ना?

लस घेतल्यावर यकृताला स्वयंप्रतिकारातून सूज आल्याची तुरळक उदाहरणं जगभरातून नोंदली गेली. बहुतेक जण औषधानं बरे झाले. कोविशिल्डच्या प्रकारातल्या लशीनंतर फार थोड्यांच्या शिरांत गुठळ्या झाल्या, त्यात पोटातल्या शिराही होत्या. पण ते सारं लस घेतल्यावर थोड्या आठवड्यांत दिसतं. चार वर्षांनी सापडलेल्या ६४च्या आकड्याला त्याच्याशी जोडता येत नाही.

मग हे ६४ कशाचे?

काकांची सोनोग्राफी झाली. फॅटी लिव्हर, म्हणजे यकृतात चरबी. त्यात आश्चर्य नव्हतं. भारतात साधारण तीन प्रौढांमागे एकाला ती असते, आणि लॉकडाऊनपासून काकांचं वजन नऊ किलोंनी वाढलंय. डॉक्टरांनी हिपॅटायटिस बी आणि सीची तपासणी करून घेतली, ती ठीक निघाली. काढा बंद करायला सांगितला, रोज पाऊण तास चालायला सांगितलं, आणि सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासायचं ठरलं. पोटासाठी सध्या फक्त एक वही : काय खाल्लं आणि नंतर काय झालं. पहिल्याच आठवड्यात दुधाच्या चहाचा गुन्हा सिद्ध झाला.

काकूंनी ‘लिव्हर डिटॉक्स’ची बाटलीही आणली होती, साडेआठशे रुपयांची. ती परत घेतली नाही दुकानदारानं.

कुणाचे आकडे थोडे वाढलेले असतील तर घाई नसते, पण काही खुणा दिसल्या तर थांबायचं नाही : डोळे पिवळे होणं, लघवी गडद होणं, अंगाला खाज, पोटात पाणी भरणं, गुंगी. आतड्याच्या बाजूनं शौचातून रक्त किंवा काळं शौच, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, कारण नसताना वजन उतरणं. आणि कोविडच्या तापात अचानक पोटात असह्य कळ आली, हात लावला तर पोट मऊ पण दुखणं भयंकर, तर आतड्याच्या रक्तवाहिनीत गुठळी झालेली असू शकते. तिथे तास मोजले जातात. सोडा पिऊन सकाळची वाट बघायची नाही, थेट दवाखाना.